फोटोतल्या सूर्याला किरणं कशी फुटतात



रथसप्तमीला आपण दारात रांगोळी काढतो. गोल काढून झाला की कुणी सांगायच्या आधीच हात त्याच्याभोवती किरणं ओढायला लागतो. नुसता गोल ठेवला तर तो चंद्रही असेल, नाहीतर भाकरी! पण तोच सूर्य मोबाईलमध्ये धरायला जावं, तर येतो एक पांढरा फटफटीत डाग. आणि लग्नाच्या अल्बममध्ये मात्र नवरा-नवरीच्या मागे सूर्य कसा चांदणीसारखा चमकत असतो. हे कसं काय, असं आमच्या मासिक बैठकीत बायकांनी विचारलं, म्हणून आजचं बोलणं त्यावर.

यात हौस आहेच, पण कामही आहे. चैत्र-वैशाखात आपलं वाळवण सुरू होतं. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. पाकिटाला लेबल लागतं आणि 'उन्हात वाळवलेले' म्हटलं की लेबलावर सूर्य हवाच. छापखान्यात विचारलं तर इंटरनेटवरचा तयार सूर्य चिकटवून देतात. तो फोटो कुणीतरी काढलेला असतो, त्याच्यावर हक्क त्याचा. न विचारता घेणं बरं नाही. शिवाय तोच सूर्य दुसऱ्या कुणाच्या लोणच्याच्या बाटलीवरही बसलेला असतो. आपल्या गच्चीवरचा सूर्य आपल्या पाकिटावर असावा, एवढीच आमच्या गटाची मागणी.

फोटोकडे वळण्याआधी डोळ्यांचं बोलू. सूर्याकडे थेट बघायचं नाही. क्षणभरही नाही, काळा चष्मा लावूनही नाही, जुन्या एक्स-रे फिल्ममधूनही नाही. आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याला वेदना कळत नाही. हात तव्याला लागला तर आपण झटकन मागे घेतो, पण हा पडदा भाजला तरी दुखत नाही. काही तासांनी कळतं, की समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी मधोमध काळपट ठिपका दिसतोय. तो कधी भरून येतो, कधी जन्मभर राहतो. मोबाईलच्या पडद्यावर सूर्य बघायला हरकत नाही, कारण तो पडद्यावरचा उजेड आहे. धोका आहे तो मोबाईलच्या वरून डोकावून 'नेमका कुठे आहे बघू' म्हणण्यात. भिंगातून थेट बघायचे मोठे कॅमेरे असतात आणि दुर्बिणी असतात, त्यातून तर सूर्याकडे बघूच नये. भिंगाने कागद कसा पेटतो ते आपण लहानपणी पाहिलेलं आहे.

मग न बघता फोटो कसा काढायचा? त्याची एक छान युक्ती आहे, ती पुढे सांगतो. आधी किरणं येतात कुठून ते समजून घेऊ, म्हणजे युक्ती का चालते तेही कळेल.

सूर्य तर गोल आहे. त्याला टोकं नाहीत की काटे नाहीत. फोटोत दिसणारी किरणं तयार होतात ती कॅमेऱ्याच्या भोकात. कालव्याचं पाणी आठवा. रुंद पात्रातून ते सरळ वाहतं, पण अरुंद दारातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पसरतं. प्रकाशही तसाच. मोकळ्या जागेत सरळ चालतो, पण एखाद्या कडेला घासून गेला की थोडासा पसरतो. दार जितकं अरुंद, तितका पसारा जास्त. आणि दुसरी गोष्ट, कड सरळ असेल तर तो पसरतो कडेच्या काटकोनात. म्हणजे कड आडवी असेल तर उजेडाची रेघ उभी उठते, वर आणि खाली. कड उभी असेल तर रेघ आडवी. भोक अगदी गोल असेल तर कडेला दिशाच नाही, मग उजेड सगळीकडे सारखाच सांडतो आणि आपल्याला नुसता धुरकट गोळा दिसतो.

ज्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधासाठी आपल्या मुली शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतात, त्यांचा पहिला शोधनिबंध याच जातीच्या प्रश्नावर होता. चौकोनी फटीतून जाताना प्रकाश कसा पसरतो, यावर. १९०६ साली तो छापून आला तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते आणि वय होतं जेमतेम १८.

आता लग्नातल्या फोटोग्राफरचा कॅमेरा. त्याच्या भिंगात पातळ पात्यांचं एक चक्र असतं. ही पाती एकमेकींवर सरकतात आणि मधलं भोक लहान-मोठं करतात, संध्याकाळी पाकळ्या मिटणाऱ्या फुलासारखी. भोक पूर्ण उघडं असताना ते बहुतेक गोल असतं. बारीक केलं की पात्यांच्या सरळ कडा पुढे येतात आणि भोक मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखं सहा कोनांचं, नाहीतर सात-आठ कोनांचं होतं. कॅमेऱ्यावर याचे आकडे असतात आणि ते उलटे चालतात. आकडा मोठा, भोक लहान. एफ २ म्हणजे मोठं भोक, एफ १६ किंवा एफ २२ म्हणजे अगदी बारीक. सूर्याची चांदणी करायची असेल तर फोटोग्राफर एफ १६ च्या आसपास जातो. फारच बारीक केलं तर तोच पसारा सगळ्या फोटोला मऊ करतो, म्हणून पार टोकाला जायची गरज नसते.

यात एक गंमत आहे, ती आम्हाला फार आवडली. पाती सहा असतील तर किरणं सहा येतात. आठ असतील तर आठ. पण पाती सात असतील तर किरणं येतात चौदा, आणि नऊ असतील तर अठरा! कारण असं की प्रत्येक कड दोन्हीकडे किरण टाकते, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. सहा कोनांत समोरासमोरच्या कडा समांतर असतात, म्हणून दोघींची किरणं एकमेकींवर बसतात आणि मोजताना सहाच भरतात. सात कोनांत कुठल्याच कडेसमोर जोडीची कड नसते, मग सगळी चौदा वेगवेगळी दिसतात. घरातला लग्नाचा अल्बम काढा, सूर्याची नाहीतर मांडवातल्या दिव्याची किरणं मोजा, त्या फोटोग्राफरच्या भिंगात किती पाती होती ते सांगता येईल. २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते, त्यातल्या ताऱ्यांना सहा मोठी आणि दोन छोटी किरणं होती. त्या दुर्बिणीचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे, मोठी सहा किरणं त्या कडांची. छोटी दोन पुढचा आरसा पेलणाऱ्या दांड्यांमुळे.

आपल्या मोबाईलचं काय? तिथेच अडतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं भोक बहुतेक सगळ्या फोनांत ठरलेलं असतं, एफ १.८ च्या आसपास, आणि गोल असतं. त्यात पाती नाहीत, म्हणून सरळ कडाही नाहीत. त्यात पूर्ण उघडा सूर्य इतका प्रखर की आजूबाजूचं सगळं पांढरं करून टाकतो. भिंगात जी काही क्षीण किरणं उठत असतील ती त्यात बुडून जातात.

भोक लहान करता येत नसेल तर सूर्य लहान करायचा! सूर्याचा बहुतेक भाग कशाच्या तरी आड घालायचा आणि एक चिमूटभर बाहेर ठेवायचा. देवळाचा कळस, पत्र्याची कड, लिंबाच्या झाडाचं पान, बैलाचं शिंग, काहीही चालतं. प्रखरपणा कमी होतो, भोवताली काळोखी येते आणि त्या काळोखीवर किरणं उठून दिसतात.

आणि आता ती युक्ती. सूर्य कडेला नेमका कधी टेकलाय हे बघायला मान वर करायची नाही. खाली बघायचं, सावलीकडे. कळसाची सावली जमिनीवर पडलीय. त्या सावलीत उभं राहायचं, सूर्याकडे पाठ ठेवून. मग मोबाईल हातात धरून सावलीच्या कडेकडे सरकवायचा आणि सावलीची कड मोबाईलच्या भिंगावर कधी येते ते बघायचं. भिंग पूर्ण सावलीत असेल तर सूर्य पूर्ण झाकलेला, भिंगावर लख्ख ऊन असेल तर सूर्य पूर्ण उघडा. या दोहोंच्या मध्ये एक धूसर पट्टा असतो, ना धड ऊन, ना धड सावली. तिथे भिंग असेल तेव्हा सूर्य अर्धा आत, अर्धा बाहेर. जागा सापडली की नजर खाली ठेवूनच वळायचं, भिंग सूर्याकडे करून मोबाईल त्याच जागी आणायचा आणि तोंड पूर्ण सावलीत ठेवायचं. पडद्यावर बघत केसभर इकडे-तिकडे सरकलं की चांदणी फुटते.

तो धूसर पट्टा किती रुंद, याचाही हिशेब आहे. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून ज्या वस्तूची सावली आहे ती एक मीटर लांब असेल तर पट्टा साधारण एक सेंटीमीटर, बोटभर. कळस दहा मीटर लांब असेल तर पट्टा नऊ-दहा सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं सहज. म्हणून लांबच्या वस्तूच्या आडून फोटो काढणं सोपं, हात हलला तरी निभावतं. नवशिक्यांनी देवळापासून नाहीतर पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करावी.

कुरडईचं मात्र वेगळं आहे. आमच्या बायकांना हवा होता कुरडईच्या जाळीतून डोकावणारा सूर्य, आणि त्यासाठी कुरडई एक हात लांब धरून चालत नाही. विजेच्या तारेची सावली जमिनीवर कधी नीट दिसते का? नाही, पुसट होते, कारण तार बारीक आणि लांब, ती सूर्याला झाकूच शकत नाही. कुरडईची तार दोन मिलिमीटरची धरली तर ती वीतभर अंतरापर्यंतच सूर्याला झाकते. म्हणून कुरडई मोबाईलपासून वीतभर, त्याहून थोडी जवळच. एकीने कुरडई धरायची, दुसरीने मोबाईल, तिसरीने सावली बघायची. पापड मोठा असतो, तो हातभर लांबही चालतो, आणि उन्हासमोर धरलेला उडदाचा पापड आतून उजळतो ते फार गोड दिसतं. (पापड धरणारीचा चेहरा काळा येईल. नाराज होऊ नका, समोरून पांढरं धोतर नाहीतर स्टीलचं ताट धरून उजेड परतवला की चेहरा सुधारतो.)

अजून एक. बऱ्याच फोनांत पडद्यावर बोट टेकवलं की एक चौकोन येतो आणि शेजारी सूर्याचं बारीक चिन्ह दिसतं. ते चिन्ह बोटाने खाली ओढलं की फोटो काळोखा होतो. किरणांसाठी तो चांगला काळोखा करायचा, डोळ्यांना दिसतं त्यापेक्षाही. झूम करायचं नाही. मोबाईलला लावायची लांबचं दाखवणारी चिमट्याची भिंगं मिळतात, ती सूर्यासाठी वापरू नयेत, कॅमेरा आतून भाजू शकतो. आणि फोटो झाला की मोबाईल सूर्याकडे तोंड करून उन्हात ठेवून देऊ नका.

वेळ कुठली? इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. मावळतीचा तांबडा गोळा सुंदर दिसतो, पण त्याला किरणं फुटत नाहीत. धुळीतून, धुरकटातून येताना त्याचा उजेड आधीच सांडलेला असतो. चांदणीसाठी सूर्य टोकदार हवा, म्हणजे आकाश निळं आणि सूर्य थोडा वर आलेला. वाळवण घालायला आपण सकाळी लवकर गच्चीवर जातोच. आठ-साडेआठची वेळ उत्तम, हवा अजून तापलेली नसते, धूळ उठलेली नसते. पावसाळ्यानंतर धुतलेल्या हवेत तर विचारूच नका.

आता भिंगाबद्दल. पापड लाटता लाटता तेलकट बोट मोबाईलच्या भिंगावरून फिरतं आणि मग प्रत्येक दिव्याला एक लांबलचक पट्टा येतो. बोट ज्या दिशेने फिरलं त्याच्या काटकोनात तो पट्टा असतो. तेलाच्या त्या बारीक रेघा म्हणजे पुन्हा सरळ कडाच की! म्हणून फोटोआधी सुती पदराने भिंग हलक्या हाताने पुसा.

पण हीच गोष्ट आपल्या कामी लावता येते. मोबाईलला सरळ कडा नाहीत, तर त्या आपण द्यायच्या. बारीक जाळीची ओढणी घ्या, नायलॉनची किंवा ऑर्गेंझाची, तिचा एक पदर भिंगावर ताणून धरा. उभे-आडवे धागे म्हणजे सरळ कडा. दिव्याला लगेच चार किरणं फुटतात, अधिकच्या चिन्हासारखी. ओढणी तिरकी फिरवली की किरणंही फिरतात आणि गुणाकाराचं चिन्ह होतं. मच्छरदाणीची भोकं मोबाईलच्या चिमुकल्या भिंगासाठी मोठी पडतात. ओढणी दिवाळीच्या पणत्यांना फार छान लागते. सूर्याला लावायची तर तो आधी कडेच्या आड घ्या, नाहीतर सगळा फोटो दुधाळ होतो. दुकानात कॅमेऱ्यावर लावायची चांदणी-काच मिळते, तीही या ओढणीचीच बहीण आहे. काचेवर बारीक रेघा कोरलेल्या असतात, बस.

हे सगळं शिकताना एका संध्याकाळी आम्ही समाजमंदिराबाहेर खांबावरच्या दिव्याकडे बघत होतो. डोळे किलकिले केले की प्रत्येकीला दिव्याभोवती किरणं दिसत होती. ती पापण्यांमुळे दिसतात, डोळ्यातल्या भिंगामुळेही थोडी. मग डोळे पूर्ण उघडा म्हटलं, तर बहुतेकींची किरणं कमी झाली. एका आजींची झाली नाहीत. त्या म्हणाल्या, "मला तर वर्षभर असंच दिसतंय गं. खांब दिसतच नाही, नुसतं पिंजारलेलं उजेड. मला वाटलं सगळ्यांनाच दिसतं." त्यांना पुढच्या आठवड्यात गटातल्या दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

आपल्या डोळ्यातलं भिंग स्वच्छ असेल तर उजेड फार सांडत नाही. मोतीबिंदूत ते गढूळ होतं, तेलकट बोट लागलेल्या मोबाईलसारखं, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा सगळीकडे पसरतो. पुसून ते स्वच्छ होत नाही, बदलावं लागतं. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ पासून चालू आहे. पण दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, सोबत डोळा लाल झाला, दुखायला लागला, डोकं दुखून उलटी होतेय असं वाटलं, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो काचबिंदूचा झटका असू शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा आज रात्री घरातल्या सासूबाईंना, आईला दिव्याकडे बघायला सांगा आणि विचारा, किरणं दिसतात का, किती, आणि केव्हापासून.

लेबलाकडे परत येऊ. मोबाईलमध्ये अशी ॲप असतात जी फोटोवर तयार चांदणी चिकटवून देतात. तरुण मुलींना ती सोपी वाटतात. आमचं मत विचाराल तर नको. त्या चांदणीला ढग कळत नाही, कड कळत नाही, कुरडईच्या तारेवरच ती बसते आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे कळतं, काय ते सांगता आलं नाही तरी. 'उन्हात वाळवलेले' लिहिलेल्या पाकिटावर ते बरं दिसत नाही.

फोटो छापखान्यात पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवू नका, त्यात तो दाबला जातो आणि बारीक किरणं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि हजार लेबलं छापायच्या आधी एक लेबल खऱ्या मापात छापून मागवा. मोबाईलच्या पडद्यावर किरणं उजेडाने चमकतात, कागदावर ती नुसता पांढरा कागद असतात. त्यामुळे मागे फिकट पिवळा रंग असेल तर ती दिसणारच नाहीत. मागे गडद काहीतरी हवं, निळं आभाळ किंवा देवळाची काळोखी. आमच्या नमुन्यात कुरडईच्या आडून आलेल्या सूर्याला पाच किरणं नीट छापली गेली, सहावं लेबलाच्या कडेत कापलं गेलं. दुसऱ्या नमुन्यात फोटो दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायला सांगितलाय.